चौदा वर्षे उभ्या असलेल्या पद्मिनीचे काम नेमके कुठून सुरू करावे?

प्रश्न : गंगापूर रोडकर

नमस्कार. वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी, जिला आमच्या घरात आजही फियाटच म्हणतात, २०११ च्या पावसाळ्यापासून आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. शेवटचा प्रवास त्र्यंबकेश्वरपर्यंतचा झाला होता आणि परतल्यावर ती "दोन दिवसांसाठी" म्हणून शेडमध्ये लावली गेली. त्यामुळे बॅटरी काढणे, टाकी रिकामी करणे, चाके ठोकळ्यांवर घेणे यांपैकी काहीही झालेले नाही. हँडब्रेक ओढलेला आहे, टाकीत त्या काळचे अर्धेअधिक पेट्रोल असावे आणि चारही टायर रिमवर बसले आहेत.

बाहेरून पत्रा बरा आहे. चालकाच्या बाजूची चटई उचलली तेव्हा मात्र तळाला हाताच्या तळव्याएवढा गंज दिसला. एअर क्लीनर उघडला तर आत उंदरांनी चिंध्या आणि सुक्या गवताचे घरटे केलेले होते. ब्रेकचा पेडल दाबल्यावर तो खालीच राहतो, पायाने वर ओढावा लागतो.

ओळखीतल्या एका कारागिराने येऊन "नवी बॅटरी लावू, नाहीतर जीपला दोर बांधून ओढू, धक्क्याने सुरू होईल," असे सांगितले. मन धजावले नाही म्हणून त्यांना थांबवले. इंजिनाला इजा न होता ते मोकळे आहे की जाम हे कसे पाहावे, कार्बोरेटर घरी साफ करता येतो का आणि आजचे इथेनॉल मिसळलेले पेट्रोल या गाडीला चालते का, हे अनुभवी मंडळींकडून जाणून घ्यायचे आहे. मला पाने वापरता येतात, पण इंजिन कधी उघडलेले नाही.

उत्तर : सातपूरचा निवृत्त फिटर

दोर बांधून ओढू दिले नाहीत, हे फार चांगले केलेत. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने धरून बसलेल्या असू शकतात आणि अशा वेळी स्टार्टर मारला किंवा गाडी गिअरमध्ये ओढली, तर एक तर रिंग तुटते किंवा भिंतीवर कायमचा ओरखडा पडतो. हाताने जोर लावताना कुठे अडते हे आपल्याला कळते. जीपला ते कळत नाही.

प्रथम चारही स्पार्क प्लग काढा. त्याआधी वायरींना क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधा, कारण या इंजिनाचा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा, क्रम १-३-४-२ असा आहे आणि नंतर आठवणीवर विसंबून वायरी लावणारे अर्धा दिवस घालवतात. प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेल यांचे मिश्रण सोडा व किमान तीन दिवस हात लावू नका. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, डिकीत जुने हँडल सापडले तर त्याने, नाहीतर पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून, इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने थोडे थोडे फिरवून पाहा. हलले नाही तर पान्याला पाइप जोडून लांबी वाढवू नका, पुन्हा तेल सोडा आणि पुन्हा वाट पाहा.

इंजिन फिरू लागले की वरचे टॅपेट कव्हर काढा आणि दुसऱ्या कोणाला तरी इंजिन फिरवायला सांगून आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येतात का ते स्वतः पाहा. या १०८९ सीसीच्या इंजिनात व्हॉल्व्ह पुशरॉडने, म्हणजे खालून ढकलणाऱ्या लांब दांड्यांनी, चालतात आणि एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये (तो ज्या नळीत सरकतो तिच्यात) अडकून राहिला, तर सुरू करताक्षणी त्याचा रॉड वाकतो. अडकलेला व्हॉल्व्ह दिसला तर त्याच्या दांड्यावर तेल सोडून, लाकडी दांड्याने हलकेच टिचक्या मारत तो मोकळा करावा.

यानंतर चेंबरचा (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा) नट काढून जुने तेल सोडा. ते दुधाळ निघाले तर आत पाणी गेले आहे असे समजावे आणि मग पुढे न जाता हेड उघडणाऱ्या माणसाला बोलवावे. काळे पण सारखे निघाले तर नवे २०डब्ल्यू-४० तेल भरा आणि प्लग न लावता स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवा. तेलाचा लाल दिवा विझला की तेल बेअरिंगपर्यंत पोहोचले असे मानता येते. दिवा विझेपर्यंत प्लग लावायचे नाहीत, ही माझी जुनी शिस्त आहे.

आता पेट्रोल. टाकीतले पेट्रोल एव्हाना पेट्रोल राहिलेले नसून त्याला वार्निशचा वास येत असणार. ते टाकी उतरवूनच काढा, कारण तळाचा डिंकासारखा थर नळीने निघत नाही. एक गोष्ट मात्र जिवावरची आहे : रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ आणि हवा यांचे मिश्रण राहते. तिला भोक दिसले म्हणून कोणी डाग द्यायला ज्योत जवळ नेऊ लागला, तर त्याला तिथेच अडवा. पहिल्यांदा इंजिन सुरू करताना टाकी जोडूच नका. बाटलीत एक लिटर ताजे पेट्रोल घ्या, ती इंजिनाच्या गरम भागांपासून दूर, थोड्या उंचीवर पक्की बांधा आणि तिची नळी थेट कार्बोरेटरला द्या. पुढे टाकी जोडताना एसी पंपाचा, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा, पडदा नवा टाका, जुना इतक्या वर्षांत कडक होऊन चिरलेला असतो.

कार्बोरेटर घरी साफ करता येतो, मात्र पांढरे कापड अंथरून, प्रत्येक भाग काढल्याच्या क्रमाने मांडत आणि फोटो काढत काम करा. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, तार किंवा सुई घालू नका. पितळ मऊ असते, भोक केसभर मोठे झाले तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. क्लीनरचा फवारा आणि पंक्चरवाल्याकडची हवा एवढे पुरते. फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग, कानाजवळ हलवून पाहा. आत पेट्रोल डुचमळले तर तो फुटला आहे. फ्लोटची सुई, गॅस्केट आणि ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा हे किटमध्ये मिळते, ते सगळे बदला.

करंटसाठी पॉइंटच्या (प्लगच्या ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाच्या) टोकांवरचा पांढरट थर बारीक पॉलिश पेपरने काढा, फिलर गेजने ०.४ मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवा आणि कंडेन्सर नवा टाका. निम्म्या वेळा लोक कार्बोरेटरला दोष देत बसतात आणि आजार पॉइंटमध्ये असतो.

उत्तर : देवळाली कॅम्प

वरील सल्ला उत्तम आहे, पण क्रमाबद्दल माझे मत वेगळे आहे. ब्रेक आधी करा, इंजिन नंतर. इंजिन सुरू झाले की "फाटकापर्यंत नेऊन आणू" हा मोह आजवर कोणालाही आवरलेला मी पाहिलेला नाही, आणि मी स्वतः माझी गाडी अशीच नेऊन तुळशी वृंदावनाला टेकवली आहे.

तुमचा पेडल खाली राहतो याचा अर्थ मास्टर सिलिंडरमधला (पेडलने ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या भागातला) पिस्टन गंजाने अडकला आहे किंवा व्हील सिलिंडरमधले (चाकाजवळच्या तशाच भागातले) रबरी कप सुजून धरले आहेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि तो ओलावा आतून लोखंड खातो, म्हणून वरून डबी भरलेली दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच सर्किट असते. एका चाकाचा कप गळला की चारही चाकांचे ब्रेक जातात. त्यामुळे मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे कप आणि रबरी होज हे सर्व नवे टाका, लोखंडी नळ्या हाताने चाचपून गंजाचे फोड शोधा आणि जुन्या तेलाचा थेंब न ठेवता नवे भरून हवा काढा.

ओढून ठेवलेल्या हँडब्रेकमुळे मागचे ब्रेक शू चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला चिकटलेले असतील. केबल सैल करा, ड्रमच्या कडेने लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने गोल फिरत ठोका. ओतीव लोखंडावर थेट हातोडी मारली तर ते तडकते. क्लचची प्लेटही अशीच फ्लायव्हीलला धरलेली असू शकते, तेव्हा सुरू करण्यापूर्वी क्लच दाबून गिअर मोकळे होतात का ते पाहा. टायरविषयी वाद नको, चारही आणि स्टेपनी नवीनच घ्या.

उत्तर : इंदिरानगर

इंधनाच्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांब आहे. आज पंपावर मिळणारे पेट्रोल सामान्यतः २० टक्के इथेनॉलचे असते. त्याचे या गाडीवर दोन वेगळे परिणाम होतात आणि लोक ते एकत्र करतात.

पहिला परिणाम रबराचा. १९८६ च्या नळ्या, पंपाचे पडदे आणि कॉर्कचे गॅस्केट इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. ते मऊ पडतात, सुजतात किंवा चिरतात. नव्या नळ्या घेताना इथेनॉल चालणाऱ्याच मागून घ्या. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते. म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत थोडेच ताजे पेट्रोल ठेवावे आणि पावसाळ्याआधी कार्बोरेटरचे भांडे रिकामे करावे.

दुसरा परिणाम मिश्रणाचा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे तेच जेट ठेवले तर मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. आधुनिक गाडीचा संगणक हे सावरून घेतो, कार्बोरेटरला ती सोय नाही. नाशिकमध्ये एक गोष्ट थोडी आपल्या बाजूची आहे : आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहोत, इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, म्हणून तोच जेट इथे किंचित श्रीमंत, म्हणजे जास्त पेट्रोलचे, मिश्रण देतो. ही भरपाई अपुरी आहे, पण दिशा बरोबर आहे. कसारा घाट उतरून मुंबईकडे गेल्यावर गाडी धक्के देऊ लागली, तर मुख्य जेट एक आकार मोठा टाकून पाहावा. घाट चढताना एसी पंप तापून पेट्रोलची वाफ झाली, तर टॅक्सीवाल्यांचा पंपावर ओले फडके ठेवण्याचा उपाय अजूनही लागू पडतो.

शिसेविरहित पेट्रोलची भीतीही कोणी घालेल. देशभर १ फेब्रुवारी २००० पासून शिसे बंद झाले आणि तुमची गाडी त्यानंतर ११ वर्षे धावली आहे. महिन्याला शंभर किलोमीटरसाठी व्हॉल्व्ह सीटची काळजी करू नका, टॅपेटचा गॅप वर्षातून एकदा तपासा.

उत्तर : पेठ रोड

कागदपत्रांकडे आधी पाहा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी १०,००० करण्यात आले. पर्यावरण कर आणि विलंब शुल्क वेगळे. व्हिंटेज नोंदणीचा मार्ग ५० वर्षे पूर्ण झाल्यावरच उघडतो, म्हणजे तुमच्यासाठी २०३६ मध्ये. तपासणीला गाडी चालवत न्यायची नसते. नोंदणी आणि विमा संपलेला असताना ती ट्रकवर चढवून न्या.

प्रश्नकर्ता : गंगापूर रोडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. देवळालीकरांचे ऐकून ब्रेक आधी केले. त्यानंतर तेल सोडून तीन नव्हे, पाच दिवस थांबलो. हँडल डिकीत सापडले आणि पहिल्या प्रयत्नात इंजिन पाव वळण हलले. तिसऱ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह सुस्त होता, तो तेलाने सुटला. फ्लोट फुटलेला निघाला. काल संध्याकाळी बाटलीवर गाडी सुरू झाली, पांढऱ्या धुराने शेजारच्यांना बाहेर यावे लागले, पण दहा मिनिटांत धूर विरला. आता एकच अडचण आहे : चोक (हवा कमी करून जास्त पेट्रोल देणारी खुंटी) ओढलेला असेपर्यंत ती चालते, आत ढकलला की लगेच बंद पडते.

उत्तर : सातपूरचा निवृत्त फिटर

चोकवरच चालते याचा अर्थ स्लो स्पीडला पेट्रोल कमी पडते आहे किंवा हवा जास्त शिरते आहे. कार्बोरेटरच्या बुडाच्या गॅस्केटभोवती ब्रशने थोडे इंजिन ऑइल लावून पाहा. क्षणभर इंजिन सावरले तर हवा तिथून शिरते. फरक पडला नाही तर स्लो जेट काढा. त्याचे भोक इतके बारीक असते की उजेडाकडे धरल्याशिवाय आतली घाण दिसत नाही.

प्रश्नकर्ता : गंगापूर रोडकर

तेल लावून फरक पडला नाही. जेट काढून खिडकीशी धरला. उजेड आरपार येत नाही. आता तो क्लीनरमध्ये भिजत ठेवला आहे, सकाळी पंक्चरच्या दुकानात हवा मारून आणतो.