टाकीचा पट्टा गंजलाय, गाडी चालवू का?

खड्ड्यातून गेलं की मागून 'ठक्' आवाज येतो. खाली वाकून पाहिलं, तर पेट्रोल टाकीच्या पट्ट्याला नटापाशी गंजाचे पापुद्रे, रबर गायब. मेकॅनिक म्हणतो, "चालतंय की!" खरंच?

— अजिबात नाही. चाळीस लिटर म्हणजे तीसेक किलो वजन त्या पट्ट्यांवर. एक तुटला की टाकी लोंबकळणार, नळी निसटणार. आणि तिथे वेल्डिंग करू देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफही पेटते.

— कंपनीला लेखी कळवा. फोटो, चॅसिस नंबर जोडा. तोंडी तक्रारीला कोण विचारतो! फोर्डने १९७८ मध्ये सुमारे १५ लाख पिंटो आणि बॉबकॅट गाड्या परत बोलावल्या, त्या पेट्रोल टाकीपायीच.

— वास नाहीये अजून. पण दोन्ही पट्टे बदलतोय, जुने मात्र पुरावा म्हणून ठेवणार.