मदत हवी आहे: माळकरी सासूबाईंसाठी मराठीतून ऑनलाइन मानसोपचार

नमस्कार. माझ्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या असून मूळच्या बार्शी तालुक्यातल्या आहेत. लग्नाआधीपासून त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, एकादशी आणि संध्याकाळचा हरिपाठ त्यांनी कधी चुकवला नाही, आणि गुडघ्यांनी साथ दिली तोवर आषाढीची पायी वारीही केली. सासरे वारल्यावर त्या आमच्याकडे चिंचवडला राहायला आल्या आणि यंदा त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली आहे. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंच्या मते त्यांनी एव्हाना जिना चढायला हवा होता. प्रत्यक्षात त्या खोलीबाहेर येत नाहीत.

याचे कारण पायात नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्यापूर्वी परिचारिकेने नियमाप्रमाणे अंगावरच्या सर्व वस्तू उतरवून घेतल्या, त्यात माळही निघाली आणि चष्मा व कवळीसोबत प्लास्टिकच्या पिशवीतून माझ्या हाती आली. शुद्धीवर येताच त्यांचा हात आधी गळ्याशी गेला. त्या दिवसापासून माळ देव्हाऱ्यात पडून आहे, कारण "एकदा उतरली, आता कुठल्या तोंडाने घालू" असे त्या म्हणतात. पांडुरंगाने आपल्याला टाकले आणि म्हणूनच वारीही सुटली, असा त्यांचा ठाम समज झाला आहे. हरिपाठ बंद आहे. झोप पहाटे तीनला मोडते. मुलासाठी मी अंडी उकडते तेव्हा पूर्वी त्या "भांडे वेगळे ठेव" एवढेच म्हणत. आता ते भांडे नुसते दिसले तरी दिवसभर जेवत नाहीत, आणि मधुमेहाच्या गोळ्या मात्र घेतात. यावरून माझे आणि यजमानांचे रोज खटके उडतात.

बाहेर जाण्याची त्यांची तयारी नसल्यामुळे आम्ही ऑनलाइन मार्ग धरला. पहिल्या समुपदेशक बाई बोलायला अगदी गोड होत्या, परंतु गळ्यातल्या दागिन्याचे एवढे मनाला का लावून घेता, असे त्यांनी विचारले आणि उपासतापास कमी करून एखादा छंद जोपासण्याचा सल्ला दिला. सासूबाई त्यानंतर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या ठिकाणी "आध्यात्मिक थेरपी" अशी जाहिरात होती. तेथील गृहस्थांनी प्रथम जन्मवेळ विचारली, मग पितृदोष काढला आणि त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करण्यासाठी रक्कम आगाऊ मागितली. हा फोन सासूबाईंनी स्वतःच बंद केला, याचे मला मनातून समाधान वाटले.

मला असे कोणी हवे आहे ज्यांचे मानसशास्त्राचे शिक्षण पक्के असेल, जे मराठीतून बोलतील, आणि ज्यांना माळ म्हणजे काय हे आधी समजावून सांगावे लागणार नाही. अशी व्यक्ती स्वतः वारकरी असणे आवश्यक आहे का? पात्रता कशी तपासावी? आणि घरातल्या घरात, माझ्याच फोनवर, मी शेजारी बसलेली असताना हे बोलणे कितपत उपयोगी पडते?

प्रतिसाद १

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करतो. आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण इतर सर्व गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. ज्या स्वयंपाकघराविषयी सासूबाईंची तक्रार आहे ते चालवणारी सून शेजारी बसली असेल, तर त्या तिच्यासमोर काय बोलणार? त्यांना एक साधा फोन वेगळा द्या, दार लावून घ्या आणि त्या वेळेत तुम्ही खाली चक्कर मारून या. व्हिडिओचा आग्रह नको. या वयाच्या पुष्कळ लोकांना नुसता आवाज बरा वाटतो.

पात्रतेबाबत सांगायचे तर "समुपदेशक" ही पाटी आपल्याकडे कुणीही लावू शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा, मनोविकारतज्ज्ञ असल्यास वैद्यक परिषदेचा. क्रमांक विचारल्यावर जो चिडतो त्याला तेथेच नमस्कार करावा. औषध लिहून देण्याचा अधिकार फक्त डॉक्टरांना असतो आणि २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार ते व्हिडिओवरूनही तपासू शकतात. तातडीने कुणाशी बोलायचे झाल्यास केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते. मराठीतून दीर्घकाळ काम करणाऱ्या संस्थांपैकी ठाण्याच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्य संस्थेकडे जरूर चौकशी करा.

उपचारक स्वतः वारकरी असण्याची गरज नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत रिबेका प्रॉप्स्ट आणि सहकाऱ्यांनी नैराश्य असलेल्या श्रद्धाळू ख्रिस्ती रुग्णांवर एक अभ्यास केला होता. त्यात रुग्णांच्या श्रद्धेला धरून केलेला विचार-वर्तन उपचार परिणामकारक ठरला, आणि तो स्वतः धार्मिक नसलेल्या उपचारकांच्या हातूनही चांगला झाला. माणसे वेगळी, धर्म वेगळा, पण मुद्दा आपल्या कामाचा आहे: उपचारकाला श्रद्धेचे कुतूहल आणि आदर असला, तर तो ती शिकून घेतो. म्हणून पहिल्या भेटीत तुम्ही एवढेच विचारा की, "त्यांचा नेम मोडल्याचे दुःख तुम्ही कसे हाताळाल?" जो नेमच सोडायला सांगेल तो नको, आणि जो विधी सांगेल तोही नको. "देवाने मला टाकले" हा विचार मात्र उपचारकाला आवर्जून सांगा. त्याने नैराश्य अधिक खोल जाऊ शकते, हे मानसशास्त्रात चांगले ठाऊक आहे.

माळ पुन्हा घालावी की नाही, याचा निवाडा मात्र उपचारकाने करू नये. तो ज्यांच्या हातून माळ घातली त्यांचा अधिकार आहे. झोप, भूक आणि घरातले ताण एवढेच उपचारकाकडे ठेवा.

एक शंका वैद्यकीय आहे. शाकाहारी व्यक्ती मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेत असेल, तर ब-१२ जीवनसत्त्व कमी होण्याची शक्यता वाढते, आणि त्याचा परिणाम मनावर, स्मरणशक्तीवर होतो. ते आणि थायरॉइड तपासून घ्या. उपाशीपोटी गोळ्या घेणे तर आजच डॉक्टरांच्या कानावर घालायला हवे, कारण काही गोळ्यांनी साखर एकदम खाली जाते.

प्रतिसाद २

आमच्या दिंडीतल्या एका ज्येष्ठ माळकऱ्यांची बायपास झाली तेव्हा त्यांचीही माळ उतरवावी लागली होती. घरी आल्यावर महाराज स्वतः आले, त्यांनी माळ पुन्हा घातली आणि तुम्ही ती सोडलीच कोठे होती, असे विचारले. तो माणूस त्या रात्री जेवला. आपल्या सासूबाईंनी हे आपल्याकडून ऐकून चालणार नाही; त्यांच्या फडावरच्या, म्हणजे त्या ज्या वारकरी परंपरेतल्या आहेत त्या गटातल्या, माणसाने सांगायला हवे.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. रक्ताच्या तपासणीसाठी उद्या घरी माणूस येतो आहे, गोळ्यांविषयी डॉक्टरांशी फोनवर बोलले आहे, आणि जुना फोन त्यांच्यासाठी दुरुस्तीला दिला आहे. अडचण एकच राहिली. ज्या महाराजांनी त्यांना माळ घातली ते वैकुंठवासी झाले असून फड आता त्यांचे पुतणे चालवतात, ज्यांना सासूबाई लहानपणापासून अरे-तुरे करतात. अशा वेळी माळ त्यांच्या हातून घालून घेण्याची पद्धत आहे का, की पंढरपूरला दुसऱ्या कुणाकडे जावे लागते? आणि हे त्यांनी फोनवरून बोललेले चालेल का? जाणकार माळकऱ्यांनी कृपया सांगावे.