शब्दचर्चा : मे महिन्यातला पाऊस अवकाळी, वळीव की मान्सून?

तासगावची बाग :
2025 च्या मे महिन्यात आमच्याकडं जो पाऊस झाला त्याला काय म्हणायचं, यावरून घरात अजून एकमत नाही. बाबा म्हणतात वळीव. टीव्हीवाले रोज 'अवकाळीचा तडाखा' म्हणत होते. मग 24 तारखेला मान्सून केरळात आला, 26 ला मुंबईत पोचला, आणि त्याच चिखलात उभ्या असलेल्या माणसाला एकदम 'मान्सूनचा दिलासा' मिळायला लागला. ढग तेच, पाणी तेच. आमच्या द्राक्षबागेला तर दिलासा नव्हताच. एप्रिल छाटणीनंतर काडीत घड तयार व्हायचा तो काळ असतो. त्या वेळी ऊन लागतं. ते मिळालं नाही की ऑक्टोबर छाटणीनंतर काडीतून घडाऐवजी बाळी, म्हणजे वेलीचा नुसता तणावा, बाहेर पडते.

प्रश्न दोन. एक, या तीन शब्दांत नेमका फरक काय? दुसरा, आता प्रत्येक बातमीच्या शेपटीला 'हवामान बदलामुळे' लावतात. तो शब्द तिथं बरोबर बसतो का?

साताऱ्याची मास्तरीण :
बाबांचं म्हणणं सोडून देऊ नका. वळवाला स्वतःचा काळ आहे. चैत्र-वैशाखात दिवसभर जीव नकोसा करणारा उकाडा, दुपारनंतर काळे ढग, धुळीचं वारं, कडकडाट, तासाभराचा पाऊस आणि संध्याकाळी गार हवा. कधी गारा. एवढं झालं की तो वळीव. ज्याला ठरलेला काळ आहे त्याला अवकाळी कसं म्हणणार? अवकाळी म्हणजे ज्या महिन्यात पावसाची अपेक्षाच नाही तेव्हाचा पाऊस. द्राक्ष फुलोऱ्यात असताना, ज्वारी काढून टाकलेली असताना, बेदाणा शेडवर वाळत असताना येतो तो. सरकारी कागदात 'अवेळी पाऊस' असा शब्द असतो, आणि मला तो जास्त नेमका वाटतो.

मान्सूनचं वेगळं आहे. तो हवामान खातं जाहीर करतं, आणि त्याला कसोटी आहे. 10 मे नंतर केरळ आणि आसपासच्या ठरावीक 14 केंद्रांपैकी किमान 60 टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस हवा. शिवाय वाऱ्याची दिशा, वेग, ढगांची दाटी बघतात. म्हणजे मान्सून हे मुळात वाऱ्याचं नाव आहे.

तेव्हा 2025 च्या मे मध्ये तुमच्याकडं जे झालं त्यातला दुपारी गडगडून एक-दोन तासांत संपणारा पाऊस वळीव. पण दिवसेंदिवस सूर्य न दिसता रिपरिप चालली होती, तो वळवाच्या स्वभावाचा पाऊस नव्हे. त्याला मान्सूनपूर्व म्हणा. शब्द जरा कोरडा आहे, पण चुकीचा नाही.

माणदेशी :
मास्तरीणबाई, तुमचं सगळं खरं. पण आमच्या दुष्काळी माण-खटावात, तिकडं आटपाडी-जतला, अवकाळी म्हणून कुणी तोंड वाकडं करत नाही. पाऊस आला म्हणजे आला. आमचा भरवसा उत्तरा-हस्तावर आणि परतीच्या पावसावर. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही म्हण आमच्या शाळूच्या रानातच जन्मली असावी असं मला वाटतं, बाकीच्यांनी हक्क सांगू नये.

माझा प्रश्न नक्षत्रांचा. म्हातारी माणसं म्हणतात मृग आता पहिल्यासारखा राहिला नाही. पंचांगातली नक्षत्रांची वाहनं बघून पेरणारे आता उरले नाहीत, पण तारखेचा अंदाज तरी जमायचा. नक्षत्रं सरकली, की पाऊस सरकला?

आकडेमोड :
नक्षत्रं सरकतात, पण मुंगीच्या पावलानं. पृथ्वीचा अक्ष भिंगरीगत डुलतो म्हणून सूर्याच्या नक्षत्रप्रवेशाची तारीख ऋतूंच्या मानानं साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढं जाते. तुमच्या आजोबांपासून तुमच्यापर्यंत मृग एका दिवसापेक्षा जास्त हललेला नाही. तेव्हा तो आळ नक्षत्रांवर नको.

पावसाच्या तारखा मात्र हलल्यात, आणि हे खात्याच्या दप्तरात आहे. जुन्या सर्वसाधारण तारखा 1901 ते 1940 च्या नोंदींवर बेतलेल्या होत्या. 2020 साली खात्यानं त्या बदलल्या, आगमनाच्या 1961 ते 2019 च्या आणि परतीच्या 1971 ते 2019 च्या नोंदींवरून. आगमनात फार फरक पडला नाही, मुंबईची तारीख 10 ची 11 जून झाली. परतीत पडला. वायव्य भारतातून मान्सून माघारी निघायची तारीख 1 सप्टेंबर होती, ती 17 सप्टेंबर झाली. मुंबईतून तो आता 8 ऑक्टोबरला जातो असं धरतात. तासगावची फळछाटणी, म्हणजे तीच ऑक्टोबर छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात असते, म्हणजे डावणी या बुरशीच्या रोगाला आयतं ओलं रान मिळतं.

आयर्विनखालचा :
हे सगळं ठीक. पण मी सांगलीचा माणूस, मला पुराचं विचारा. 2005 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी जवळपास 54 फुटांवर होतं. 2019 ला 57 च्या वर गेलं. 2021 ला परत 54 च्या पुढं. प्रत्येक वेळी कुणीतरी 'हवामान बदल' म्हणून मोकळं झालं. धरणातून सोडलेला विसर्ग, नदीकाठची बांधकामं, ओढे-नाले बुजवून उठलेल्या वसाहती, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद, यांचं काय? सगळं आभाळावर ढकललं की जमिनीवरचा माणूस सुटतो. आणि पूर, दुष्काळ आधी नव्हते का? 1972 चा दुष्काळ कुणाच्या धुरानं पडला?

साताऱ्याची मास्तरीण :
तुमच्या रागातला अर्धा भाग मला पटतो. 'हवामान बदल' हा शब्द कर्त्याच्या जागी बसवला की वाक्यातला खरा कर्ता गायब होतो. 'हवामान बदलामुळे वसाहत पाण्यात गेली' हे वाक्य व्याकरणात बसतं, पण पूररेषेच्या आत परवानगी कुणी दिली ते सांगत नाही.

पण आधी शब्दांची फोड. आज, उद्या, या आठवड्यात जे दिसतं ती हवा. एखाद्या जागेचा लांब मुदतीचा स्वभाव ते हवामान. जगभर त्यासाठी 30 वर्षांची सरासरी धरतात. आपल्याकडं घोटाळा असा की उद्याच्या पावसाचा अंदाजही 'हवामान अंदाज'च. त्यात बागायतदार ढग आले की 'वातावरण खराब झालंय' म्हणतात, आणि राज्य सरकारच्या खात्याचं नाव 'पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग' आहे. तासगावात 'वातावरणीय बदल' म्हटलं की माणूस औषधाचा पंप बाहेर काढेल!

आकडेमोड :
आयर्विनखालचे दादा, 1972 चं उत्तर सोपं आहे. कुणाच्याच धुरानं नाही, किंवा निदान तसं सिद्ध करायची कुणाला गरज नाही. मोसमी पाऊस मुळातच लहरी. तो आधीही दगा द्यायचा. प्रश्न एवढाच की दगा द्यायची त्याची रीत बदलली का. आणि ते एका पुरावरून सांगता येत नाही, नोंदींच्या लांब रांगेवरून सांगता येतं.

रांगा अशा आहेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड 1958 पासून हवाईतल्या मौना लोआवर सलग मोजला जातोय. तेव्हा दहा लाखांत 315 भाग होता, आता 420 च्या वर आहे. कारखानदारीच्या आधी तो 280 च्या आसपास होता, हे अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळतं. ती बर्फाची वही आठ लाख वर्षं मागं जाते, आणि तिच्यात आजच्याएवढा आकडा कुठंच नाही. पृथ्वीचं तापमान 1850-1900 च्या मानानं 2011-2020 या दशकात सुमारे 1.1 अंशानं जास्त होतं.

सूर्यच तापलाय म्हणणाऱ्यांसाठी एक खूण सांगतो, मला ती सगळ्यात आवडते. सूर्य तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा, स्थितांबराचा, थंड होतोय. उष्णता खाली अडकली तरच असं होतं.

आता पाऊस. हवा एक अंशानं तापली की ती साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. पडायला लागली की तेवढी जास्त रिकामी होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2006 साली मध्य भारतातल्या 1951 ते 2000 च्या नोंदी तपासल्या. मोसमाच्या एकूण पावसात ठळक फरक नव्हता, पण अतिजोरदार पावसाच्या घटना वाढल्या होत्या आणि मध्यम पाऊस कमी झाला होता. 2017 च्या दुसऱ्या अभ्यासात 1950 ते 2015 या काळात मोठ्या टापूवर एकाच वेळी पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं दिसलं, आणि त्याचा धागा अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाशी जोडला गेला.

तासगावची बाग :
म्हणजे 'सरासरी गाठली' हा शब्दप्रयोगच आम्हाला फसवतो!

आकडेमोड :
अगदी. सरासरी गाठणं वेगळं आणि वापसा, म्हणजे रानात काम करता येईल एवढीच ओल, मिळणं वेगळं. महिन्याचा पाऊस चार दिवसांत उरकला आणि मग तीन आठवडे खंड पडला, तरी महिन्याअखेर पेपरात 'सरासरी पूर्ण'. ज्याचं सोयाबीन आधी पाण्यात बसलं आणि मग करपलं, त्याला ती सरासरी कुठं पेरायची?

माणदेशी :
साताऱ्याला हे शिकवायला नको. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरात चोवीस तासांत 594.4 मिलिमीटर पडला. आमच्या माणला अख्ख्या वर्षात तेवढा पडत नाही. त्याच दोन दिवसांत पाटणला आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्यावर डोंगर खाली आला. जिल्ह्याची सरासरी काढा आणि दोघांना वाटून द्या.

आणि हो, टीव्हीवर त्याला 'ढगफुटीसदृश' म्हणत होते. हा 'सदृश' काय प्रकार आहे?

साताऱ्याची मास्तरीण :
'सदृश' हा बातमीदाराचा विमा आहे. ढगफुटीला व्याख्या आहे : वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत एका तासात 100 मिलिमीटर किंवा जास्त. तासागणिक मोजणारी यंत्रं सगळीकडं नाहीत, म्हणून कुणी छातीठोक 'ढगफुटी' म्हणत नाही आणि 'मुसळधार' म्हटलं तर बातमी फिकी पडते. महाबळेश्वरचा तो आकडा चोवीस तासांचा आहे, त्यावरून ढगफुटी ठरत नाही. ती अतिवृष्टी, आणि तीही भयंकर.

अतिवृष्टीतही दोन मापं आहेत. महसूल खातं एखाद्या महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) चोवीस तासांत 65 मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतं. हवामान खात्याच्या हिशेबात तिथं फक्त 'जोरदार' सुरू होतो, आणि अगदी वरच्या पायरीला 204.5 च्या पुढं जावं लागतं. 65 च्या आत रोज थोडा थोडा पडून पीक सडलं तर काही मिळायचं नाही, म्हणून 2023 साली राज्य सरकारनं 'सततचा पाऊस' ही वेगळी आपत्ती मानली. शब्द साधा आहे, पण त्याच्यावर पैसे मिळतात.

आयर्विनखालचा :
बरं, पूररेषेचा शब्द घ्या. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. आमच्या गल्लीत 2005 नंतर लोक म्हणाले, झालं, आता नातवंडांच्या वेळी. चौदा वर्षांत घरात परत पाणी. मग हा 'एकदा' कुठला?

आकडेमोड :
तो 'एकदा' वाईट शब्द आहे, मान्य. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता, मागच्या वर्षी काय झालं त्याची आठवण न ठेवता. त्या रेषेवर तीस वर्षं घर ठेवलं तर त्या काळात किमान एकदा पाणी शिरायची शक्यता सुमारे 26 टक्के. निळ्या रेषेवर पंचवीस वर्षं काढली तर 64 टक्के. आणि हे तेव्हा, जेव्हा पावसाचा स्वभाव आहे तसाच राहतो. जुन्या नोंदींवर आखलेली रेषा नव्या पावसाला बांधील नाही.

म्हणून कारणाचं वाक्य कसं करायचं ते बघा. पत्त्यांच्या जोडात कुणी दोन एक्के जास्त घातले, तर तुमच्या हातातला एक्का मूळचा की घातलेला हे कुणी सांगू शकत नाही. पण रात्रभर खेळलात तर एक्के किती वाढले ते मोजता येतं. शास्त्रज्ञ तसंच करतात. 2003 च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेबद्दल 2004 साली असा पहिला मोठा हिशेब आला : माणसाच्या उद्योगामुळं अशा उन्हाळ्याची शक्यता किमान दुप्पट झाली असण्याचीच शक्यता फार. आपल्याकडं 2022 चा मार्च हा 1901 पासूनचा सगळ्यात तापलेला मार्च होता. मार्च-एप्रिलच्या त्या लाटेची शक्यता सुमारे तीस पट वाढल्याचा अंदाज निघाला. उष्णतेचं असं ठामपणे सांगता येतं. एखाद्या नदीच्या एखाद्या पुराचं अवघड, कारण तिथं तुमचा विसर्ग आणि तुमचे बुजवलेले नाले मध्ये येतात.

साताऱ्याची मास्तरीण :
तेव्हा तासगावच्या ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : 'हवामान बदलामुळे पाऊस पडला' असं लिहू नये. 'हवामान बदलामुळे अशा पावसाची शक्यता वाढली' हे चालेल. आणि गारांचा वळीव दिसला की लगेच तो शब्द काढू नये, वळवाच्या गारा आपल्या पणजोबांनीही वेचल्यात.

माणदेशी :
आणि अर्जात काय लिहायचं? तलाठ्याला 'शक्यता वाढली' सांगून भागत नाही.

साताऱ्याची मास्तरीण :
पाऊस मोसमाबाहेरचा असेल तर 'अवेळी पाऊस' लिहा, मोसमातला असेल तर 'अतिवृष्टी' किंवा 'सततचा पाऊस', आणि तारीख लिहून त्या दिवसाचा आपल्या मंडळाचा पर्जन्यमापकाचा आकडा जोडा. 'ढगफुटी' मुळीच लिहू नका, पुरावा मागतील.

तासगावची बाग :
आमची अडचण त्याच्याही पुढची. मे मधल्या पावसानं घड पडले नाहीत, ते काडीत आलेच नाहीत. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा बाग हिरवीगार होती. 'काय नुकसान?' म्हणाला. बाबांनी त्याला बाळी दाखवली. तो म्हणाला, या रकान्यात हे बसत नाही. न आलेल्या घडाला कुठला शब्द असेल तर सांगा, पुढच्या अर्जात घालते.

आयर्विनखालचा :
आमच्याकडं सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं. 2005 च्या पुरात पाणी शिरून गेली ती गेली. त्या वेळी लोकांनी 'हळद बुडाली' असं लिहिलं होतं, 'पेव गेलं' असं नाही. हळद पुढच्या साली परत आली, पण पेवाला रकाना नव्हता. तुमच्या घडाला 'घड जिरणं' म्हणत नाहीत का ताई? कृषी खात्याच्या माणसांच्या तोंडी ऐकलाय. तोच घाला.