अहल्या की अहिल्या? उद्या फॉर्म द्यायचाय

निनाद: सगळ्यांना विनंती. उद्या वॉर्ड ऑफिसात नावाचा फॉर्म देतोय. अहल्या की अहिल्या, आज रात्री ठरवा. रविवारी पाळण्यात एक आणि दाखल्यावर भलतंच, असं नको.

नानाकाका: अहल्या. संस्कृतात ‘हि’ नाहीच. हल म्हणजे नांगर. जिला नांगर लागला नाही ती अहल्या. उत्तरकांडात ‘हल’चा अर्थ कुरूपपणा दिलाय, म्हणजे जिच्यात खोट नाही ती.

शुभाताई: आणि होळकरांच्या? जन्म 31 मे 1725, गाव चौंडी. आता जिल्हाही अहिल्यानगर, अहल्यानगर नव्हे. शिवाय आत्या मी आहे, कानात नाव मी सांगणार.

नानाकाका: सांग की. अहल्या सांग.

विकी: कुर्रर्र… अहल्याहिल्या 😄

मंदाआत्या: शिळा झालेल्या बाईचं नाव मुळात ठेवायचंच कशाला? आम्हाला विचारलं कुणी?

स्वप्ना: आत्या, वाल्मीकींच्या बालकांडात ती शिळा होत नाही. वारा खाऊन, राखेत पडून, कुणाला न दिसता तप करते. दगड नंतरच्या कथांतला. पंचकन्यांत पहिलं नाव तिचंच.

मंदाआत्या: बरं बाई. तुम्ही शिकलेल्या.

नानाकाका: अहल्या. संस्कृतात ‘हि’ नाहीच.

शुभाताई: काका, तेच परत चिकटवलंत.

विकी: जुन्या कागदात ‘अहील्या’ दिसतं. तसं लिहू?

शुभाताई: मोडीत वेलांटी एकच, ह्रस्व-दीर्घ नाही. देवनागरीत ‘हि’ पहिलीच.

मंदाआत्या: घुगऱ्यांना हरभरे किती? 40 माणसं धरलीत ना?

निनाद: आत्या, आधी नाव!!

सुधाकाकू: निनाद, घाबरू नकोस. जन्माची नोंद 21 दिवसांत झालीय ना? मग नाव 12 महिन्यांपर्यंत बिनशुल्क चढतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण चढलेलं नाव बदलायला हेलपाटे पडतात. मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकाने स्वतः भर. इंग्रजीत सुरुवातीला दोन ए लावलेस की मराठीत ‘आहिल्या’ होऊन येतं. एकच ए, मग एच-आय-एल-वाय-ए. सही करण्याआधी ‘अ’ला काना चिकटला नाही ना, ते बघ.

मंदाआत्या: कृत्तिकेचा पहिला चरण, अक्षर ‘अ’. दोन्ही बसतात. भांडताय कशाला?

निनाद: अहिल्या. फायनल.

नानाकाका: ठीक. मी अहल्याच म्हणणार.

शुभाताई: म्हणा, काका. दाखल्यावर ‘हि’ राहू दे.

मंदाआत्या: हरभरे 2 किलो. शनिवारी रात्रीच भिजत घाला, फुगून दुप्पट होतात. पातेलं मोठं घ्या.