तलावावर हिरवी साय: पाण्याचा खर्च नेमका कुठे वाढतो?

राजवाडा_इंदूर: यशवंतसागर तलावाचं पाणी इंदूरच्या काही भागाला मिळतं. अशा तलावात शेवाळ माजलं तर शुद्धीकरणाचं बिल कशामुळे फुगतं? तुरटी जास्त लागते, एवढंच ना?

गाळणीवाला: तुरटी तर किरकोळ! शेवाळाने वाळूचा थर चोंदतो, एरवी दिवसभर चालणारी गाळणी काही तासांतच खालून उलटं पाणी सोडून धुवावी लागते. शुद्ध केलेलंच पाणी त्यात जातं, पंपाची वीज वेगळी. वास मारायला सक्रिय कोळशाची भुकटी: लिटरला २० मिलिग्रॅम धरलं तर १० लाख लिटरला २० किलो. ३ कोटी लिटरला रोज ६०० किलो! आणि हो, कच्च्या पाण्यात आधीच क्लोरीन मारू नका. नीलहरित शेवाळाच्या पेशी फुटतात, विष पाण्यात उतरतं. शेवाळ मारायला टाकलेल्या मोरचूदनेही तेच होतं.

राजवाडा_इंदूर: मग उकळून प्यायलं तर?

गाळणीवाला: नीलहरित शेवाळाचं विष, मायक्रोसिस्टिन, उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर तीव्रता वाढते. २०१४ मध्ये अमेरिकेत टोलेडोच्या सुमारे ४ लाख लोकांना म्हणूनच नळाचं पाणी उकळूनही पिऊ नका असं सांगितलं होतं.

माळवा_शेती: खर्च उगमाशीच रोखा. १ किलो फॉस्फरसवर ५०० किलोपर्यंत ओलं शेवाळ पोसतं. माती तपासूनच डीएपी (फॉस्फरसचं खत) घाला, तेही पेरणीबरोबर बियाण्याच्या खाली. वर फेकलेलं पहिल्या जोरदार पावसात मातीसकट नाल्यात. सांडपाणी आधी वळवा. मात्र तळच्या गाळातला फॉस्फरस त्यानंतरही वर्षानुवर्षं सुटत राहतो, आणि गाळ काढणं सगळ्यात महाग.