आधी गार करा, मग रेफर करा

‘छोट्या दवाखान्यातली कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) म्हणजे मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला, पाठवण्याआधीचा थांबा’ असं या चर्चेत एकांनी लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही.

मी नागपुरात अशाच ठिकाणी इमर्जन्सी बघतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५ च्या पुढे गेला की बांधकामावरचे मजूर उष्माघाताने असंबद्ध बडबडत, कधी झटके येत असलेल्या अवस्थेत येतात. अंगात ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर. उष्माघातात पॅरासिटामॉलचा उपयोग नसतो. पहिल्या अर्ध्या तासात ताप ३९ पर्यंत उतरवायचा असतो. तो वेळ ॲम्ब्युलन्समध्ये घालवला तर किडनी, लिव्हर, मेंदू सगळंच धोक्यात.

इथे आमची माणसं कामाला येतात. मी सांगेपर्यंत सिस्टरनी शुगर बघून सलाईन लावलेलं असतं, वॉर्डातल्या मावशी अंगावर पाणी मारून पंखा वळवतात, ब्रदर (पुरुष नर्स) शेजारच्या रसवंतीतून बर्फ आणतो. तो काखेत, जांघेत, मानेला. मोठ्या ठिकाणी इतकी एकमेकांची सवय क्वचितच होते.

जड जातं ते पेशंट आपल्यातल्याच कुणाच्या घरचा निघाला की. एका सिस्टरचे वडील छातीत दुखतंय म्हणून आले, तर ती स्वतःच ईसीजी काढायला धावली. अशा वेळी त्या सिस्टरला ताबडतोब ड्युटीतून मोकळं करा, तिला नातेवाईक म्हणून बसू द्या.