पांढरा पक्षी: अल्बिनो, बांडा की पिकलेला?

प्रश्न: कावळ्याच्या किंवा साळुंकीच्या अंगावर चार पांढरी पिसं दिसली की बातमीत ‘अल्बिनो’ छापून मोकळे होतात. कधी ‘अंशतः अल्बिनो’ही वाचायला मिळतं. मराठीत नेमके शब्द आहेत का?

प्रतिसाद १: ‘अंशतः अल्बिनो’ आधी बाद करा. अल्बिनो पक्ष्यात टायरोसिनेज हे विकर काम करत नाही, म्हणून मेलॅनिन हे रंगद्रव्य बनतच नाही. विकर पंखात बंद आणि शेपटीत चालू, असं होत नाही. पिसं, कातडी, डोळे, सगळीकडूनच काळा-तपकिरी रंग जातो. लाल डोळा म्हणजे आतल्या रक्तवाहिन्या. अशा पक्ष्याला ऊन सोसत नाही, अंतराचा अंदाज चुकतो. त्यामुळे रानात वाढलेला अल्बिनो क्वचितच दिसतो. ‘वर्णकहीन’ हा शब्द फक्त यालाच ठेवावा.

डोळा काळा असेल तर प्रकरण वेगळं. रंगपेशी गर्भावस्थेत पाठीकडून कातडीभर पसरतात. त्या जिथे पोचल्या नाहीत, तिथे पीस पांढरं. डोळ्याच्या पडद्यातला रंग मात्र डोळ्याच्या स्वतःच्या पेशींचा, म्हणून तो शाबूत. हा ल्युसिझम. पांढरा मोर याच गटातला. ठिगळं असतील तर आपला बैलाचा ‘बांडा’ चपखल बसतो. सर्वांगी असेल तर ‘धवल’.

प्रतिसाद २: बांडा ठीक, पण तो जन्मापासूनच बांडा हवा आणि वयानुसार ठिगळं वाढायला नकोत. गावातल्या बहुतेक पांढऱ्या पिसांच्या कावळ्या-चिमण्यांचं तसं नसतं. त्यांचं पिल्लू नेहमीच्या रंगाचं असतं आणि दर पीसगळीला पांढरी पिसं वाढत जातात. पक्षीतज्ज्ञ हाइन व्हान ग्राव यांनी हा फरक नीट मांडला आहे. पांढऱ्या पिसांचं सर्वांत सर्रास आढळणारं कारण हेच. त्याला ‘कोड’ म्हणावं का?

प्रतिसाद १: कोड म्हणजे रोगाचं निदान झालं. इथे कारण वयही असू शकतं. आपण केसांना ‘पिकणं’ म्हणतो, तेच घ्या: पिसं पिकली. क्रियापदातच हळूहळू होण्याचा अर्थ आहे. शिवाय कावळ्यांमध्ये निकस आहारानेही पंखांवर पांढरे पट्टे येतात. ते ना बांडे, ना पिकलेले. आहार सुधारला की पुढच्या पीसगळीत जातात.

प्रतिसाद ३: पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या बाजारात ‘अल्बिनो बजी’ (बजी म्हणजे बजरीगर, छोटा पाळीव पोपट) म्हणतात, त्याचा वर्णकहीनाशी संबंध नाही. तिथे दोन बदल एकत्र असतात: ‘इनो’ मेलॅनिन काढतो, ‘ब्लू’ पिवळं रंगद्रव्य. ब्लू नसेल तर पिवळं उरतं, तो लुटिनो. कंठवाला पोपट लुटिनो झाला तरी नराचा गुलाबी कंठ तसाच राहतो, कारण ते रंगद्रव्य मेलॅनिन नाही. (हा देशी पोपट पाळणं आपल्याकडे बेकायदा आहे, तेव्हा इथे फक्त शब्दापुरता.)

इनो लिंगाशी जोडलेला आहे. लुटिनो नर आणि हिरवी मादी लावली तर सगळ्या माद्या लुटिनो, सगळे नर हिरवे पण ‘स्प्लिट’, म्हणजे इनोचं जनुक लपून बाळगणारे. इनोचं जनुक झेड गुणसूत्रावर असतं; नराकडे झेड दोन, मादीकडे एकच, म्हणून तिच्यात ते लपत नाही. त्यामुळे ‘स्प्लिट लुटिनो मादी’ असं सांगून कुणी विकत असेल तर ते खोटं आहे.

प्रतिसाद २: रानातल्या ‘ब्राउन’लाही, म्हणजे जनुकातल्या बदलाने काळ्याऐवजी तपकिरी झालेल्या पक्ष्यालाही, हेच गणित लागू. तो जवळजवळ हमखास मादीच निघतो, कारण नराला बदललेलं जनुक दोन्हीकडून मिळावं लागतं.

प्रश्न: मग फोटोवरून ओळखायचं कसं?

प्रतिसाद २: फ्लॅश बंद ठेवा, त्याने काळा डोळाही लाल येतो. आधी डोळा, मग चोच आणि पाय. पांढरी पिसं दोन्ही पंखांवर सारखी आहेत का, पक्षी पिल्लू आहे की वाढलेला, हे टिपा. पिल्लू आणि प्रौढ यांतला फरक कळत नसेल तर बांडा की पिकलेला हे ठरवू नका.

आणि ‘ब्राउन’ इथेच फसवतो. त्याचं मेलॅनिन अर्धवट तयार झालेलं असतं, उन्हाने विटतं आणि जुनं पीस पांढरंफटक दिसतं. पंख उघडलेला एक फोटो घ्या: वरच्या पिसाखाली झाकलेला भाग तपकिरी असेल, तर तो पांढरा नाहीच, विटलेला आहे.